मूठभर सोयाबीन

“शिस्टर, या बारीला कातरणाला चव हाय,” असं म्हणून कौसाबाईंनी आणखी एक तुकडा तोंडात टाकला.

शुक्रवारची सकाळ होती, साडेसात वाजले होते. मी चहाचं आधण ठेवत होते. दुसऱ्या दिवशी साडेदहाला आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मोठी मिस्सा, म्हणजे चर्चची सामुदायिक उपासना, होती. बिशप येणार होते आणि सहाशे माणसांचा अंदाज होता. बाहेरगावच्या वीस सिस्टर्स गुरुवारीच येऊन उतरल्या होत्या. तरी मी खुशीत होते, कारण सगळी तयारी वेळेच्या आधी झाली होती. माझ्या बाबतीत असं क्वचितच होतं.

“चव कुठून येणार, कौसाबाई? नुसतं पीठ आणि पाणी तर आहे,” मी म्हटलं.

“नुसतं कसं? मूठभर सोयाबीन टाकलंय की. दर दळणाला टाकती तसंच.”

मी चहापत्तीची बरणी ओट्यावर ठेवली. ठेवली म्हणजे आदळलीच.

इथे जरा थांबून सांगायला हवं, नाहीतर मूठभर सोयाबीनसाठी एवढा थयथयाट कशाला, असं तुम्हाला वाटेल. मी कॅथलिक सिस्टर आहे. माहेर वसईचं. व्रतं घेऊन एकतीस वर्षं झाली, त्यातली अकरा सेलूला वालूर रोडवरच्या कॉन्व्हेंटमध्ये गेली. सिस्टर म्हटलं की लोकांना शाळेतली नाहीतर दवाखान्यातली आठवते. मी स्वयंपाकघरातली. मुलींच्या हॉस्टेलचं दोन वेळचं जेवण, सिस्टर्सचं जेवण, सणावाराची पंगत आणि त्याशिवाय होस्ट बनवणं, हे माझं काम.

होस्ट म्हणजे मिस्सेत जी छोटी पांढरी गोल भाकर देतात ती. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी आणि कागदासारखी पातळ. वेदीवर प्रार्थना झाली की आमच्यासाठी ती भाकर राहत नाही, प्रभूचं शरीर होते. म्हणून तिचा नियम कडक आहे. गहू आणि पाणी, बस. मीठ नको, तेल नको, दूध नको, दुसरं कुठलंही धान्य नको. पातळ पीठ कालवायचं, दोन तापलेल्या लोखंडी पाट्यांच्या मशीनमध्ये ओतायचं, दाबायचं, की पापडासारखा एक पत्रा निघतो. त्यातून कटरने गोल काढायचे. उरलेल्या कडा म्हणजे कातरण. ती पवित्र वगैरे नसते, नुसता खाऊ. हॉस्टेल चालू असलं की मुलींच्या त्यावर उड्या पडतात. मे महिना असल्यामुळे मुली घरी गेल्या होत्या, म्हणून डबा कौसाबाईंच्या वाट्याला आला होता.

कौसाबाई माझ्या मदतनीस. आम्ही दोघी जवळजवळ एका वयाच्या. त्या ख्रिस्ती नाहीत, पण कॉन्व्हेंटमध्ये त्यांची अकरा वर्षं म्हणजे माझ्याइतकीच.

माझा स्वभाव तापट आहे. दर कन्फेशनला, म्हणजे पापांची कबुली द्यायला, तेच पाप घेऊन जाते, फादरांना पाठ झालं असेल. मी कौसाबाईंवर ओरडले. काय ओरडले ते लिहीत नाही. त्या ऐकत उभ्या राहिल्या. माझा दम संपल्यावर शांतपणे म्हणाल्या, “शिस्टर, तुमीच सांगितलं व्हतं. गिरणीला दळण चाललं की पायलीला मूठभर. पोरींच्या अंगात रगत न्हाई म्हनून.”

खरंच मीच सांगितलं होतं. मी सेलूला आले त्या वर्षी मुलींची तपासणी झाली आणि निम्म्या पोरी अशक्त निघाल्या. सोयाबीन इथे पोत्यांनी पिकतं. मी फर्मान काढलं, चपातीच्या गव्हात सोयाबीन घाला. कौसाबाईंनी ते अकरा वर्षं एकदाही न चुकता पाळलं. आज्ञापालनाचं व्रत मी घेतलेलं, पाळत होत्या कौसाबाई.

मग अकरा वर्षांत हे घडलं कसं नाही? कारण होस्टसाठी मी नेहमी पाकिटातला मैदा वापरते. मैदा म्हणजे गहूच, तो चालतो. चक्कीवर दळलेल्या गव्हाचे होस्ट मी पहिल्यांदाच केले होते आणि त्याला कारण होते शामराव.

शनिवारची मिस्सा होती सिस्टर रूथच्या शेवटच्या व्रतांची. सिस्टर होताना आधी काही वर्षांची व्रतं घेतात, मग कायमची. ही कायमची. रूथ आमच्याच हॉस्टेलची मुलगी, चारठाण्याजवळच्या एका खेड्यातली. पाचवीत आली तेव्हा भाकरी थापायला माझ्याशेजारी बसायची. आमच्या हॉस्टेलमधून सिस्टर झालेली ती पहिलीच. शामराव तिचे वडील. तीन एकर रान, गावात ख्रिस्ती घरं चार, आणि पोटची मुलगी एकच. दर रविवारी चर्चला जाणारा माणूस, पण मुलीने सिस्टर व्हायचं म्हटल्यावर देवाशीही भांडला. तिच्या पहिल्या व्रतांना आला नाही. दोन वर्षं तिच्याशी बोलला नाही. पुढे हळूहळू निवळला, पण घरी आलेल्या मुलीशी पाहुण्यासारखं बोलायचा.

महिन्यापूर्वी हा माणूस आपण होऊन कॉन्व्हेंटच्या दारात उभा राहिला. हातात टॉवेलात बांधलेला पायलीभर गहू. म्हणाला, “शिस्टर, पोरगी तर तुमी नेलीच. आता त्या दिवशी ते होस्ट असतं ना, ते माझ्या गव्हाचं करा. माझ्या रानातलं काईतरी तिथं असू द्या.”

मी शब्द दिला होता की तुमच्या गव्हाशिवाय दुसरा एक दाणाही त्यात जाणार नाही. वर्षानुवर्षं रुसलेला बाप गहू घेऊन आला होता, मी आणखी काय म्हणणार? गहू कौसाबाईंच्या हाती दिला, चक्कीवर पाठवायला सांगितलं आणि बाकीच्या कामाला लागले. हा गहू वेगळा आहे, एवढं म्हटलं. का वेगळा, ते म्हटलं नाही. बुधवारी पत्रे काढले तेव्हा ते जरा तांबूस उतरले. मी वाटेल त्याला दाखवत हिंडले, बघा जिंतूर तालुक्याचा गहू कसा सोनेरी असतो.

तर शुक्रवारी सकाळी पावणेआठला मी फादरांना फोन लावला.

“किती टाकलं?” त्यांनी विचारलं.

“मूठभर.”

“कुणाची मूठ?”

“कौसाबाईंची.”

फादरांनी कौसाबाईंच्या हातच्या भाकरी खाल्लेल्या आहेत, त्यामुळे मुठीचा अंदाज त्यांना होता. मग म्हणाले, “सिस्टर, न कळता झालं असतं तर गोष्ट वेगळी होती. आता तुम्हाला माहीत आहे आणि मलाही माहीत आहे.”

तिथून मी सुपिरियरकडे गेले. सुपिरियर म्हणजे कॉन्व्हेंटची प्रमुख. आमच्या सिस्टर ग्रेटा मंगळूरच्या, तीस वर्षं मराठवाड्यात काढलेल्या. त्यांच्याकडे लांबण लावलेली चालत नाही. मी दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी एका वाक्यात विचारलं, पॅन्ट्रीत मैदा आहे ना, मग प्रश्न काय? मी शामरावांचं सांगितलं. त्यांनी घड्याळ बघितलं. त्या आठवड्यात तारांचं काम चालू होतं आणि रोज बारा ते चार लाईट बंद असायची. चक्की विजेवर आणि आमचं होस्ट मशीनही विजेवर.

“बाराच्या आत नवीन पीठ इथे आलं तर ठीक. नाहीतर मैदा,” त्या म्हणाल्या. “आणि मग शामरावला मी स्वतः सांगीन.”

मला ते शेवटचं वाक्य लागलं. शब्द मी दिलेला आणि सांगणार त्या. मी अंगणात जाऊन शामरावांना फोन केला. काय झालं ते खरं खरं सांगितलं, कौसाबाईंचं नाव न घेता. माझ्या स्वयंपाकघरात माझी चूक झाली, तुमचा सगळा गहू भेसळीचा झाला, आणखी आहे का? मी विचारलं, “शामराव, ऐकताय ना?”

“ऐकायलोय,” ते म्हणाले. “घरात वरसाचा गहू हाय. येतो.” फोन बंद.

चिडले की नाही ते कळेना. मी परत स्वयंपाकघरात आले, वीस सिस्टर्सचे पोहे करायचे होते. कौसाबाई विळीपाशी कांदा चिरत बसल्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी फक्त कांद्याचं नव्हतं. मी शेजारी बसले आणि म्हटलं, चूक माझी आहे, मी ओरडायला नको होतं. त्या म्हणाल्या, जात्यावर दळून देते. पण आमच्या जात्यावर वर्षभर हरभऱ्याची डाळ भरडली जाते. मिक्सरमध्ये करावं तर पीठ रवाळ होतं आणि पत्रा मधेच तुटतो. चक्कीशिवाय गत्यंतर नव्हतं.

नऊ वाजून वीस मिनिटांनी शामरावांची मोटरसायकल फाटकात आली. पुढे टाकीवर आडवं ठेवलेलं अर्धं पोतं. अर्धा किलो पिठात सहाशे होस्ट होतात, हे त्यांना माहीत नव्हतं, आणि मीही कधी सांगितलं नव्हतं. मी पोत्याचं तोंड सोडलं. वरचा गहू पांढरा दिसला. हात घातला तर बोटांना पीठ लागलं.

“पावडर हाय बोरिकची,” शामराव म्हणाले. “आठच दिस झाले कोठीत भरून. न्हाई चोळली तर किडे व्हतात.”

उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरताना घरोघरी हेच करतात, त्यांचं काय चुकलं? मी तिथेच पायरीवर बसले. एकातून सुटले तर दुसऱ्यात अडकले. मग डोळ्यांसमोर गच्ची आली. मे महिना आणि सेलूचं ऊन. अकरा वर्षं त्या उन्हाच्या नावाने मी बोटं मोडली आहेत, कूलरपुढे बसून मोडली आहेत. आज त्याच उन्हाशी काम होतं. गहू धुवायचा, वाळवायचा आणि साडेअकराला चक्कीवर पोचायचं.

चक्कीला थोडक्यावर भागत नाही म्हणून त्यातला पाच किलो काढून घेतला. मोठ्या पातेल्यात चार पाणी धुतला. पहिलं पाणी दुधासारखं पांढरं, चौथं निवळ. शामराव बाही वर करून धुवायला बसले. कौसाबाई नळापाशी उभ्या होत्या, तोंडावर पदर. शेवटी त्या पुढे आल्या आणि म्हणाल्या, “दादा, सोयाबीन म्या टाकलं. शिस्टर माझं नाव घ्येत न्हाईत, पर म्या टाकलं.”

शामरावांनी हातातला गहू निथळत धरून त्यांच्याकडे बघितलं. “सोयाबीन कुनाच्या रानातलं व्हतं?”

“आमच्याच. वालूरचं.”

“मंग तुमचंबी असू द्या म्हनत व्हता का काय देव,” असं म्हणून ते हसले. मलाही हसू आलं.

दहा वाजता गच्चीवर चार पांढऱ्या चादरी अंथरल्या आणि त्यांवर गहू पसरला, एकाला एक दाणा चिकटणार नाही इतका विरळ. पाहुण्या सिस्टर्सना बातमी कळली होती. कॉन्व्हेंटमध्ये बातमी कळायला फोन लागत नाही. वीसच्या वीस जणी वर आल्या, मागोमाग सिस्टर ग्रेटाही. कुणी छत्र्या आणल्या, कुणी ताटं, कुणी चिमण्या हाकायला मोठा हातरुमाल. केरळच्या, गोव्याच्या, नगरकडच्या, झारखंडच्या, सगळ्या चादरीच्या कडेने मांडी घालून खडे वेचायला बसल्या. पाचसहा बोलींत बडबड चालू होती. मी दर दहा मिनिटांनी हात फिरवून गहू उलटा करत होते. मला इतका आनंद झाला होता की उन्हाने डोकं तापलंय हेही कळत नव्हतं.

आणि मग एकदम सगळ्या गप्प झाल्या. जिन्यात रूथ उभी होती.

शेवटच्या व्रतांच्या आधी आठ दिवस सिस्टर मौनात असते. त्याला आम्ही रिट्रीट म्हणतो. प्रार्थना, एकांत, कुणाशी बोलायचं नाही. रूथचं मौन संध्याकाळी सुटणार होतं. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. खोलीच्या खिडकीतून तिने वडिलांची मोटरसायकल बघितली असणार. ती आली, गव्हाकडे बघितलं, वडिलांकडे बघितलं, मग सिस्टर ग्रेटांकडे. सिस्टर ग्रेटांनी नुसती होकारार्थी मान हलवली.

रूथ वडिलांच्या शेजारी जाऊन बसली आणि खडे वेचायला लागली. शामरावांनी स्वतःच्या डोक्यावरचा टॉवेल काढून तिच्या डोक्यावर टाकला. दोघं एकमेकांशी एक शब्द बोलली नाहीत. ही दोघं न बोलता राहिली होती ती दोन वर्षं मी जवळून पाहिली होती. हे न बोलणं तसलं नव्हतं. आपापल्या बाजूने वेचत दोघांचे हात चादरीच्या मधोमध आले तेव्हा मी उठून पाण्याची घागर आणायला खाली गेले. मला रडू आलं, उघडच सांगते.

सव्वाअकराला मी एक दाणा दाताखाली धरला. कट्‌ असा मोडला. वाळला. डबा भरला आणि शामरावांच्या मोटरसायकलवर मागे बसले. सिस्टरचा झगा, मांडीवर पाच किलोचा डबा आणि एका हाताने डोक्यावरचं वस्त्र धरलेलं. वालूर रोडवरून मोंढ्यापर्यंत, म्हणजे धान्याच्या बाजारापर्यंत, जितकी माणसं भेटली तितकी थांबून बघत होती. ओळखीच्या एका दुकानदाराने नमस्कार केला, मला हात मोकळा नव्हता म्हणून मी नुसती हसले.

मोंढ्याजवळची चक्की मन्मथआप्पांची. साठी उलटलेले लिंगायत गृहस्थ, कपाळावर भस्माच्या तीन रेघा, अंगावर पिठाचा थर. आम्ही पोचलो तेव्हा मोठ्या चक्कीवर ज्वारी चालली होती आणि चार बायका डबे घेऊन रांगेत होत्या. ज्वारी! ज्वारीनंतर लगेच गहू टाकला तर पहिल्या किलोत ज्वारी उतरतेच, हे कुठलीही गृहिणी सांगेल. चपातीला चालतं. मला चालणार नव्हतं.

मी घाईघाईने समजवायला लागले, की आप्पा, हे पीठ देवाच्या कामाचं आहे, यात दुसऱ्या धान्याचा कणसुद्धा नको, आमच्यात नियम असा आहे की. आप्पांनी हात वर केला.

“कळलं. तुमचं उपासाचं दळण हाय,” ते म्हणाले.

कोपऱ्यात त्यांची छोटी चक्की होती, उपासाची. तिच्यात भगर, राजगिरा, शिंगाडा एवढंच दळतात. तिच्यात धान्याचा कण गेला तर उपास मोडतो, म्हणून ते तिला कुणाला हात लावू देत नाहीत. जे मला वसईपासून सेलूपर्यंत कुणाला पटवून देता आलं नव्हतं, ते या माणसाचं रोजचं काम होतं.

मी आशेने छोट्या चक्कीकडे बघितलं. आप्पांनी मान हलवली. “तिच्यात गहू घातला तर तुमचं शुद्ध व्हईल, पर परवाच्या एकादशीवाल्यांचं बाटंल. थांबा, मोठी साफ करून देतो.”

रांगेतल्या एका बाईने कुरकुर केली, लाईट जायची वेळ झाली, आमची ज्वारी कधी व्हायची? आप्पा दगडाचे बोल्ट सोडता सोडता म्हणाले, देवाचं दळण हाय, जरा दम धरा. बाईने आपला डबा बाजूला सरकवला, आणि मग सरळ माझ्या हातातून डबा घेऊन तो रांगेत पुढे ठेवला.

दगड उघडले. ब्रशने खाचा झाडल्या. पिठाची पिशवी काढून नवी बांधली. दगड परत बसवले. अकरा पंचेचाळीस. मग आप्पांनी स्वतःच्या घरचा दोन किलो गहू आधी चक्कीत ओतला. राहिलीसाहिली ज्वारी तो ओढून नेईल आणि ते पीठ म्हशीला, असं म्हणाले. अकरा बावन्नला आमचा गहू वर पडला. मी पिशवीखाली डबा धरून बसले आणि ‘नमो मरिया’ म्हणत राहिले. शेजारी शामराव भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभे. ती कुरकुर करणारी बाईही घड्याळाकडेच बघत होती.

शेवटचा ओंजळभर गहू वर शिल्लक असताना चक्कीचा आवाज उतरत गेला आणि पंखा थांबला. लाईट गेली होती. दोन मिनिटं आधीच गेली होती, पण मला पुरेसं पीठ मिळालं होतं. आप्पांनी डब्याचं झाकण लावून दिलं आणि रांगेतल्या बायकांना चारनंतर यायला सांगितलं. त्यांची ज्वारी माझ्यामुळे राहिली. मी हात जोडले, तर एक म्हणाली, “असू द्या शिस्टर, सांजला खिचडी करू.”

फाटकात सिस्टर ग्रेटा उभ्या होत्या. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

“उशीर झाला,” त्या म्हणाल्या.

“पीठ बाराच्या आत दळून झालं.”

“बाराच्या आत इथे आलं पाहिजे, असं मी म्हटलं होतं.” त्यांनी डबा उघडला, चिमूटभर पीठ बोटांवर चोळलं आणि झाकण लावलं. “वस्त्रगाळ कर. मशीन पुसून ठेव.”

चारला लाईट आली नाही. साडेचारलाही नाही. वीस सिस्टर्स आणि मी चहा घेत बसलो. बुधवारचे सोयाबीनचे होस्ट होतेच, वेदीवर न गेलेले, म्हणजे साधी बिस्किटंच. ते चहात बुडवून सगळ्यांनी खाल्ले आणि चांगले लागतात असं एकमुखाने सांगितलं. कौसाबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी दुसरीकडे बघितलं. पाच वीसला पंखे फिरले आणि मी कप तसाच टाकून पळाले.

पहिला पत्रा नेहमी चिकटतो, तो चिकटला. दुसरा उचलला तर पांढरा शुभ्र, मधोमध क्रूस स्पष्ट उमटलेला. मग हात थांबला नाही. ओतायचं, दाबायचं, वाफेची शिट्टी बंद झाली की उघडायचं. पण पत्रे कोरडे ठणठणीत असतात, तसेच कापले तर काच फुटल्यासारखे फुटतात. त्यांना ओल लागावी लागते. मे महिन्यात हवेत ओल कुठली? कॉन्व्हेंटमध्ये कूलर दोनच, दोन्ही पाहुण्यांच्या खोल्यांत. त्या रात्री वीस सिस्टर्स उकाड्यात व्हरांड्यात झोपल्या आणि होस्टचे पत्रे कूलरपुढे दोरीवर गारव्यात लटकले. सकाळी पाचला पत्रा वाकवून बघितला, मऊसूत वाकला. आठच्या आत साडेसहाशे होस्ट कापून, निवडून, मोजून तयार.

रूथचं मौन शुक्रवारी संध्याकाळीच सुटलं होतं, पण तेव्हा शामराव पाहुण्यांना आणायला गावी गेले होते. शनिवारी सकाळी ते कोऱ्या धोतरात स्वयंपाकघराच्या दाराशी आले. रूथ तिथेच माझ्या हाताखाली मोडके होस्ट वेगळे करत होती. सगळ्यांना वाटलं, आता काय बोलतात बापलेक. ती म्हणाली, “आबा, तुमच्या गव्हात लय खडे व्हते.”

“तुझी आई निवडायची, ती गेल्यावर तू,” शामराव म्हणाले. “आता तू नसतीस.” मग लगेच म्हणाले, “काल तू निवडलास ते बरं झालं.”

मिस्सेत दान आणायची वेळ आली तेव्हा होस्टचं भांडं शामरावांच्या हातात होतं. दोन्ही हातांनी छातीशी धरून, पावलं मोजत ते वेदीपर्यंत चालत गेले आणि बिशपांच्या हातात दिलं. नंतर रांगेतून येऊन त्यांनी तेच परत जिभेवर घेतलं. रूथ वेदीजवळून बघत होती. मी सगळ्यात मागे होते, कारण पंगतीच्या भाताकडे एक डोळा ठेवायचा होता. तरी जेवढं दिसलं तेवढं पुरलं. मला त्या क्षणी बिशपांपेक्षाही स्वतःचा हेवा वाटला.

जेवणं उरकल्यावर मी शुद्ध गव्हाच्या कातरणाचा डबा कौसाबाईंपुढे मोठ्या रुबाबात धरला. त्यांनी एक तुकडा सावकाश चावला.

“शिस्टर, खरं सांगू का? पयल्यालाच चव व्हती.”

आता यातून मी काय शिकले ते सांगते, फार मोठं नाही. हाताखालच्या माणसाला काम सांगताना ‘काय’ सांगितलं आणि ‘का’ सांगितलं नाही, तर ते काम तो निष्ठेने चुकीचं करतो. मी हे सिस्टर ग्रेटांच्या समोर सगळ्यांना सांगितलं आणि कौसाबाईंना म्हटलं, यापुढे कळलं नाही की विचारायचं. ही माझी दुसरी चूक. तेव्हापासून त्या डाळीत मीठ घालायला सांगितलं तरी “कामून?” म्हणून कारण विचारतात. मी सांगते. रोज सांगते. कन्फेशनचं माझं जुनं पाप त्यामुळे अजून चालू आहे.

शामराव आता दर मे महिन्यात गहू पाठवतात. बोरिक पावडर चोळायच्या आधीचा, वेगळा काढलेला, निवडलेला. पिशवीच्या तोंडाला सुतळीने चिठ्ठी बांधलेली असते. तिच्यावर त्यांच्या वाकड्या अक्षरात लिहिलेलं असतं: यात काही टाकू नये. कामून ते कौसाबाईला विचारा.